मुळाचा मान

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीतले शहाणपण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, ज्या यंत्रांच्या जाळ्यावर आज आपल्या कचेऱ्यांचा सारा कारभार चालतो, तेथे मूळ विचारल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. टेबलावरच्या संगणकातून निघालेली तार भिंतीतील खोबणीत जाते, तेथून मजल्याच्या कोपऱ्यातील कुलूपबंद कपाटात शिरते, आणि त्या कपाटात दिव्यांची उघडझाप करणारी ‘स्विच’ नावाची एक चपटी पेटी असते, एवढे आपणांस ठाऊक असते. परंतु या पेट्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि सर्वांनी मिळून आपल्यापैकी एकीला ‘मूळ’ म्हणून निवडलेले असते, हे फारच थोड्यांस माहीत असते. ही निवड एका क्रमांकावर होते. त्या क्रमांकाची कल्पना कोठून आली, त्याला आजचा आकार का प्राप्त झाला आणि तो लिहावयाचा राहून गेला म्हणजे काय घडते, याचा हा अल्पसा इतिहास आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यामागचा प्रश्न जुनाच आहे: समान दर्जाच्या अनेकांत अग्रमान कोणाचा, आणि तो ठरवावयाचा कोणी?

बंगळुरात राहणाऱ्यांना हा प्रश्न समजून घेण्यास एक दृष्टांत अगदी दाराशी आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील एका कण्यावर वसलेले असून त्याला मोठी बारमाही नदी नाही. म्हणून येथल्या जुन्या लोकांनी तळी बांधली, आणि ती सुटी न बांधता साखळीने बांधली. वरचे तळे भरले की त्याचा सांडवा ओढ्यावाटे खालच्या तळ्यात जावा, अशी ही रचना होती. शहरातील ‘राजकालुवे’ म्हणजे हेच पाण्याचे हमरस्ते. हेब्बाळ, कोरमंगल-चल्लघट्ट आणि वृषभावती अशी तीन मुख्य खोरी. त्यांपैकी कोरमंगल खोऱ्याचे पाणी बेळ्ळंदूर आणि वर्तूर या तळ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे जाते, तर वृषभावतीचे अर्कावतीला मिळून पुढे कावेरीत. या सर्व रचनेत एक गोष्ट कधीही घडत नाही. एकदा वाहून गेलेले पाणी फिरून आपल्याच तळ्यात येत नाही. कारण जमिनीला उतार आहे. कोण वरचा आणि कोण खालचा हे सृष्टीनेच ठरवून ठेवले आहे. तारांच्या जाळ्याला असा उतार नसतो. तेथे सर्व पेट्या एकाच पातळीवर उभ्या. म्हणून तेथे उतार कृत्रिमपणे निर्माण करावा लागतो. ज्या क्रमांकाची ही हकीकत आहे, तो असा कृत्रिम उतार होय.

गणितात या विषयाची सुरुवात संगणकाच्या पुष्कळ आधी झाली. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा घ्याव्यात, त्यांतून सर्व बिंदू जोडलेले राहतील परंतु कोठेही वर्तुळ उरणार नाही एवढ्याच रेषा ठेवाव्यात. म्हणजे जे उरते त्याला ‘स्पॅनिंग ट्री’, आपल्या भाषेत सर्वव्यापी वृक्ष, म्हणता येईल. जर्मन शास्त्रज्ञ किर्खहोफ याने १८४७ मध्ये विद्युतमंडलांचा विचार करताना अशा वृक्षांचा आधार घेतला. इंग्रज गणिती केली याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८८९ च्या सूत्रावरून असे वृक्ष किती निघतील हे सांगता येते. चार गावे असली तर १६ प्रकारे, आणि दहा गावे असली तर तब्बल १० कोटी प्रकारे! त्यांतून सर्वांत कमी खर्चाचा प्रकार कसा शोधावा, हे १९२६ मध्ये ओताकार बोरूव्का या चेक गणितज्ञाने दाखविले. त्याच्यापुढचा प्रश्न कागदी नव्हता. मोराव्हिया प्रांतातील गावांना वीज पुरवावयाची होती, आणि कमीत कमी तारेत ती कशी पोहोचवावी, असे विजेच्या कंपनीतील त्याच्या एका स्नेह्याने विचारले होते. त्यात एक गोष्ट गृहीत होती, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. सबंध नकाशा एका माणसापुढे पसरलेला होता आणि निर्णय त्याने एकट्याने घ्यावयाचा होता.

आता यंत्रांकडे वळू. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ‘ईथरनेट’ची कल्पना मांडली. एकच लांब तार, तिला लागलेली अनेक यंत्रे, आणि एकाने बोललेले सर्वांनी ऐकावे, असा तो मामला. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून तिचे नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा स्वतंत्र पत्ता त्याच वेळी मिळाला. हा पत्ता कारखान्यातच कोरला जातो. त्याचा पहिला अर्धा भाग निर्मात्याचा आणि दुसरा त्या विशिष्ट नगाचा. तथापि या नियमांत एक उणीव होती, आणि ती त्या वेळी उणीव वाटण्याचे कारणही नव्हते. निरोपाच्या लखोट्यावर कोठून आणि कोणाकडे एवढेच लिहिले जाई. तो किती हातांतून गेला हे मोजण्यासाठी रकाना नव्हता. एकाच तारेवर निरोप कोणाच्या हातून जाणार? रकान्याची गरजच नव्हती.

गरज पडली ती तारा जोडू लागल्यावर. डिजिटल कंपनीत दोन तारांच्या मध्ये बसणारी पेटी तयार झाली. तिला ‘ब्रिज’, म्हणजे सेतू, असे नाव पडले. आजचा स्विच हा याच सेतूचा अनेक दारांचा वंशज आहे. एका बाजूचा निरोप ऐकावा, पलीकडे लागणारा असेल तर तो पुढे द्यावा आणि कोण कोणत्या बाजूला आहे हे ऐकता ऐकता शिकून घ्यावे, एवढेच सेतूचे काम. परंतु दोन तारांच्या मध्ये एकाऐवजी दोन सेतू बसविले तर? एक बिघडला तर दुसरा असावा, ही इच्छा रास्तच आहे. तसे केले की पहिला सेतू निरोप पलीकडे देतो, दुसरा तो ऐकून अलीकडे परत आणतो, पहिला पुन्हा पलीकडे देतो, आणि हे थांबविणारे कोणी नसते. सर्वांना उद्देशून निघालेला निरोप तर प्रत्येक फेरीत वाढत जातो. कचेरीतील फाईल चक्राकार फिरत राहणे हे आपणां मंडळींस नवे नाही. परंतु प्रत्येक टेबलावर तिच्या दोन प्रती होऊ लागल्या तर काय होईल, याची कल्पना करावी. काही क्षणांत सर्व तारा या निरर्थक प्रतींनी भरून जातात आणि खरे काम ठप्प होते. या प्रकाराला वादळ असे नाव मिळाले, आणि ते यथार्थ आहे.

यावर उपाय शोधण्याचे काम डिजिटलमध्ये रेडिया पर्लमन यांच्याकडे आले. पर्लमनबाईंचा जन्म १९५१ चा. आईवडील दोघेही अमेरिकन सरकारच्या नोकरीत अभियंते होते. टोनी लॉक या त्यांच्या वरिष्ठांनी एका शुक्रवारी त्यांना हा प्रश्न घातला आणि वर एक अट जोडली: जाळे कितीही वाढले तरी प्रत्येक सेतूला लागणारी स्मरणशक्ती वाढता कामा नये. एवढे सांगून ते आठवडाभराच्या रजेवर गेले. बाईंना उत्तर त्याच रात्री सुचले. सोमवार-मंगळवारी त्यांनी नियम लिहून काढले, आणि उरलेल्या आठवड्यात दुसऱ्या कशात मन लागेना म्हणून त्या नियमांवर एक कविता रचली! जॉइस किल्मर याच्या वृक्षावरील १९१३ च्या प्रसिद्ध कवितेच्या धाटणीवर ती आहे आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शास्त्रीय निबंधाच्या आरंभी ती सारांश म्हणून छापली गेली. शास्त्रीय निबंधाचा सारांश पद्यात देण्याची प्रथा भास्कराचार्यांच्या देशातील वाचकांना विचित्र वाटू नये.

बोरूव्कापुढे सबंध नकाशा होता. पर्लमनबाईंच्या सेतूंपुढे तो नव्हता, आणि त्यांच्या कामाचे मर्म यातच आहे. प्रत्येक सेतूला फक्त आपले शेजारी दिसतात. कोणी मुख्य कचेरी नाही, कोणी हुकूम काढणारा नाही. या बाबतीत जुन्या टेलिफोनच्या जगाशी तुलना करून पाहावी. बंगळुरात १९४८ साली ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’चा कारखाना निघाला आणि देशातील कितीतरी एक्स्चेंजे तेथील यंत्रांवर उभी राहिली. त्या व्यवस्थेत स्थानिक एक्स्चेंज कोणते आणि ट्रंक एक्स्चेंज कोणते हे आधी योजनेत ठरे, आणि मग यंत्र बसे. मुळाची नेमणूक हुकमाने होत असे. सेतूंच्या जगात नेमणूक नाही, निवड आहे. आणि ती निवड मतदाराने आपल्यापुरते पाहून केलेली असूनही सर्वांची एकच निघते.

ती कशी होते ते पाहू. प्रत्येक सेतूजवळ आपली एक ओळख असते. तिच्यात दोन भाग: डावीकडे १६ बिटांचा अग्रक्रम आणि उजवीकडे कारखान्यात कोरलेला ४८ बिटांचा पत्ता. दोन्ही मिळून एकच मोठी संख्या समजावयाची. यंत्र सुरू झाले की प्रत्येक सेतू ‘मूळ मीच’ असे शेजाऱ्यांना जाहीर करतो. शेजाऱ्याकडून स्वतःपेक्षा लहान संख्या ऐकू आली की आपला दावा तो तत्काळ सोडतो, आणि त्या लहान संख्येचाच पुकारा पुढे करू लागतो. थोड्याच वेळात सबंध जाळ्यात एकच नाव घुमू लागते, आणि ते सर्वांत लहान संख्येचे असते. मग प्रत्येक सेतू मुळाकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट धरतो. तार जितकी वेगवान तितकी वाट स्वस्त. वर्तुळ पुरे करणाऱ्या ज्या वाटा उरतात, त्यांची दारे लावून घेतली जातात. ती तोडली जात नाहीत, केवळ मिटलेली असतात. मूळ दर दोन सेकंदांनी आपले अस्तित्व कळवीत राहते. तो पुकारा वीस सेकंद आला नाही की मिटलेली दारे उघडण्याची तयारी सुरू होते, आणि मूळ पद्धतीप्रमाणे जास्तीत जास्त पन्नास सेकंदांत नवा वृक्ष उभा राहतो.

लहान संख्येला मोठा मान, हे नवशिक्यांना उलटे वाटते. आपणां नोकरदारांना तसे वाटण्याचे कारण नाही. ज्येष्ठतेच्या यादीत पहिला क्रमांक हाच सर्वांत वरचा असतो. भरतीच्या परीक्षेत दोन उमेदवारांना समान गुण पडले तर जन्मतारीख पाहतात आणि वयाने मोठ्याला वर ठेवतात; तीही सारखी निघाली तर नावाच्या वर्णानुक्रमावर येतात. हा शेवटचा निकष गुणाचा नसतो, केवळ तिढा सोडविण्याचा असतो. सेतूंच्या ओळखीतील अग्रक्रम म्हणजे गुण, आणि पत्ता म्हणजे तिढा सोडविण्यासाठी राखून ठेवलेला वर्णानुक्रम. अग्रक्रम माणसाने विचारपूर्वक लिहावा आणि पत्त्यावर वेळ येऊ नये, अशी यातली अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात काय होते? अग्रक्रम ० पासून ६५,५३५ पर्यंत कोणताही देता येत असे. कोणी काहीच लिहिले नाही तर यंत्राने काय धरावे, म्हणून बरोबर मधला आकडा निवडला गेला: ३२,७६८. कोणाला वर चढवावयाचे असेल तर खाली निम्मी जागा, कोणाला मागे ठेवावयाचे असेल तर वर निम्मी जागा. १९९० साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ‘आय-ट्रिपल-ई’ने, ही पद्धत ८०२.१डी या नावाने प्रमाण ठरविली. निर्मात्यांनी पेट्यांत ३२,७६८ भरून पाठविल्या, घेणाऱ्यांनी त्या तशाच भिंतीला लावल्या. सर्वांचे गुण समान! मग निर्णय पत्त्यावर आला. पत्त्यांचे गट निर्मात्यांना वाटताना लहान आकडे प्रारंभीच्या कंपन्यांना गेले, आणि एकाच निर्मात्याचे जुने नगही बहुधा लहान आकड्याचे असतात. परिणाम असा की, कोणीच काही न ठरविल्यास मुळाचा मान बहुधा सर्वांत म्हाताऱ्या पेटीकडे जातो. सर्वांत सशक्त किंवा मध्यभागी असलेल्या पेटीकडे तो जाईल याची कसलीही हमी नसते.

पर्लमनबाईंचा निबंध प्रसिद्ध होत होता त्याच सुमारास, १९८६ मध्ये, आपल्या देशात ‘अर्नेट’ या शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा आरंभ झाला. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य, आणि आठ सहभागी संस्था: मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी, स्वतः तो विभाग आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारात फिरताना आपल्या जाळ्यांच्या इतिहासातील एक आरंभबिंदू येथे आहे, याची आठवण ठेवण्यासारखी आहे. त्यानंतरच्या काळात याच शहरात अशी यंत्रे घडविणाऱ्या कंपन्यांची मोठी केंद्रे उभी राहिली. सिस्को कंपनीने २००७ मध्ये आपले दुसरे जागतिक केंद्र येथे उघडले.

१९९० नंतरच्या दशकात प्रश्नाला एक नवे वळण लागले. एकाच इमारतीत लेखा शाखा, आस्थापना शाखा आणि अभ्यागतांचा कक्ष असतो. सर्वांच्या तारा त्याच पेट्यांत येतात, पण एकाचे बोलणे दुसऱ्याने ऐकू नये अशी इच्छा असते. म्हणून एकाच पेटीच्या पोटात अनेक आभासी जाळी मांडण्याची युक्ती निघाली. त्यांना ‘व्हीलॅन’ म्हणतात. १९९८ च्या ८०२.१क्यू या प्रमाणाने प्रत्येक निरोपावर १२ बिटांचा व्हीलॅन क्रमांक लावण्याची पद्धत घालून दिली. बारा बिटांत ४,०९६ संख्या मावतात. दोन राखीव ठेवून ४,०९४ वापरता येतात. या सर्वांना मिळून एकच वृक्ष असावा, असे त्या प्रमाणाचे मत होते. सिस्कोने मात्र प्रत्येक व्हीलॅनला स्वतंत्र वृक्ष आणि म्हणून स्वतंत्र मूळ देण्याचा मार्ग धरला.

एकाच भूमीवर दोन मुळे हा प्रकार मराठी वाचकाला परका नाही. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परत आले, ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही, आणि प्रत्येक सरदाराला कोणत्या गादीचा पुकारा करावयाचा हे ठरवावे लागले. अखेर १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या हद्दीसह कायम झाल्या. तो वाद चोवीस वर्षे चालला. यंत्रांतही दोन मुळांची व्यवस्था हद्द ठरल्यावाचून सुखाची होत नाही.

व्हीलॅनची हद्द क्रमांकाच्या आतच आखावी लागली. प्रत्येक वृक्षात सेतूची ओळख वेगळी हवी, म्हणून आधी एकेका पेटीला व्हीलॅनगणिक एक याप्रमाणे शेकडो पत्ते राखून ठेवावे लागत. ही उधळपट्टी परवडणारी नव्हती. २००१ च्या ८०२.१टी या दुरुस्तीने मार्ग काढला. अग्रक्रमाच्या १६ बिटांपैकी वरचे चारच बिट अग्रक्रमाला ठेवले, आणि खालचे बारा व्हीलॅन क्रमांकाला देऊन टाकले. एका रकान्याचे दोन झाले. त्यामुळे आज अग्रक्रम वाटेल तो देता येत नाही. ०, ४,०९६, ८,१९२ असे करीत ६१,४४० पर्यंत, ४,०९६ च्या पटीतील सोळाच आकडे चालतात. नवशिक्याने ५,००० लिहिले तर यंत्र ते नाकारते, आणि त्याचे कारण त्याला कळत नाही. कारण या वाटणीत आहे.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. कोणी काही लिहिले नाही तर व्हीलॅन १० मध्ये सेतूचा अग्रक्रम ३२,७६८ अधिक १०, म्हणजे ३२,७७८ दिसतो. व्हीलॅनचा हा दहा सर्वांच्याच आकड्यात मिळविलेला असल्याने निवडीवर त्याचा परिणाम होत नाही. आता इमारतीत दोन दांडगे स्विच आहेत असे समजू. पहिल्याला व्हीलॅन १० साठी ४,०९६ आणि व्हीलॅन २० साठी ८,१९२ द्यावेत. दुसऱ्याला याच्या उलट. व्हीलॅन १० मध्ये पहिल्याचे ४,१०६ होतात, दुसऱ्याचे ८,२०२. पहिला मूळ ठरतो. व्हीलॅन २० मध्ये दुसऱ्याचे ४,११६, पहिल्याचे ८,२१२. दुसरा मूळ ठरतो. खालच्या मजल्यावरील पेटीकडून दोघांकडे तारा गेल्या आहेत. जी तार लेखा शाखेपुरती मिटलेली आहे, तीच आस्थापना शाखेसाठी उघडी असते. एकही तार निरुद्योगी राहत नाही, आणि एक स्विच पडला तर दुसरा, कोणी सांगण्याची वाट न पाहता, दोन्ही गाद्या सांभाळतो. आठ-दहा ओळींच्या लेखनात हे सर्व साधते. ते लिहिलेले नसते, एवढीच अडचण.

या शहरातील एका कचेरीत आमच्या पाहण्यात आलेला प्रकार यासाठी सांगण्याजोगा आहे. नव्या इमारतीत उत्तम स्विच बसले होते. पुढे आवक-जावक शाखेला एक दार कमी पडले, म्हणून भांडारातील जुनी पेटी काढून तेथे जोडण्यात आली, आणि दोन तारा मोकळ्या होत्या म्हणून तिला दोन मजल्यांवरील दोन स्विचांशी बांधण्यात आले. त्या दिवसापासून दोन मजल्यांमधील सगळी वाहतूक त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या पेटीतून जाऊ लागली. मजल्यांना थेट जोडणारी जाड तार मिटली गेली होती, कारण नव्या मुळाच्या दृष्टीने ती वर्तुळ पुरे करणारी तार होती. महिनाअखेरीची पगारबिले तासन् तास अडकू लागली. दोष आधी प्रणालीला, मग तारेला आणि शेवटी बिले करणाऱ्या कारकुनांच्या संथपणाला दिला गेला. स्पष्टीकरणेही मागविली गेली. येथे एक बारीक गोष्ट आहे. ती पेटी २००१ च्या वाटणीपूर्वीची होती. तिला व्हीलॅन क्रमांक मिळविण्याची रीतच ठाऊक नसल्याने तिचा अग्रक्रम नुसता ३२,७६८ होता, आणि नव्यांचा ३२,७७८. म्हणजे पत्त्यापर्यंत जाण्याचीही वेळ आली नाही. दहाच्या फरकाने म्हातारीने गादी जिंकली. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाने मधल्या स्विचावर ४,०९६ हा आकडा लिहिला, आणि त्याच दुपारी बिले पूर्वीसारखी जाऊ लागली. स्पष्टीकरणे मात्र ज्यांची त्यांच्या फायलीत राहिली.

याहून फार गंभीर घटना अमेरिकेत बोस्टन येथील बेथ इस्राएल डीकोनेस या रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये घडली. १९९६ साली दोन रुग्णालये एक होऊन ही संस्था झाली होती, आणि तिचे जाळे गरजेप्रमाणे तुकड्या-तुकड्यांनी वाढत गेले होते. या पद्धतीच्या ठरीव वेळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातांहून अधिक सेतू नसावेत असे धरून बसविलेल्या आहेत. तेथे ती मर्यादा ओलांडली गेली होती, आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. एका संशोधकाच्या कामातून निघालेल्या माहितीच्या मोठ्या लोंढ्याने जाळे तुंबले, सेतूंचे परस्परांशी पुकारे वेळेवर पोहोचेनात, मिटलेली दारे उघडली गेली आणि वर्तुळ तयार झाले. सुमारे चार दिवस ते जाळे पुन्हा पुन्हा कोसळत राहिले. औषधांच्या सूचना, तपासण्यांचे निकाल, सर्व काही कागदावर आले. कागद घेऊन माणसे मजल्यामजल्यांवर धावू लागली. तरुण डॉक्टरांपैकी पुष्कळांनी कागदावर सूचना लिहिण्याची पद्धत कधी पाहिलीच नव्हती. रुग्णालयाचे माहितीप्रमुख जॉन हॅलाम्का यांनी ही हकीकत दडवून ठेवली नाही. दुसऱ्यांना धडा मिळावा म्हणून ती जाहीरपणे सांगितली. कारभारात असे क्वचितच घडते, म्हणून त्यांचे नाव येथे आदराने घ्यावेसे वाटते.

या पद्धतीत आणखी एक भोळेपणा आहे. कोणत्याही नव्या पेटीने येऊन लहान आकडा सांगावा आणि सर्वांनी माना तुकवाव्यात. तू कोण, तुला कोणी पाठविले, हे कोणी विचारीत नाही. चुकून आलेल्या पेटीला हे जितके सोपे, तितकेच वाईट हेतूने आलेल्यालाही. म्हणून पुढे पहारे बसविण्यात आले. एखाद्या दारातून मुळाचा दावा येताच ते दार बंद करावे, असा एक पहारा; ज्या दाराला फक्त टेबलावरचा संगणक असावयाचा, तेथून सेतूची भाषा ऐकू आली तर ते तोडून टाकावे, असा दुसरा. वेगही सुधारला: २००१ च्या ८०२.१डब्ल्यू या पद्धतीने पन्नास सेकंदांचे काम बहुधा क्षणार्धात होऊ लागले, आणि २००२ च्या ८०२.१एसने अनेक व्हीलॅनांचे गट करून गटागणिक एक वृक्ष देण्याची मधली वाट काढली. पुढे पर्लमनबाईंनी स्वतःच वृक्षाची गरज नसलेली ‘ट्रिल’ ही पद्धत पुढे आणली. तिची प्रमाणे २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. निरोपाच्या लखोट्यावर किती हातांतून गेला हे मोजणारा तो राहून गेलेला रकाना तिच्यात आहे. सेतूंची युक्ती ही एका चुकलेल्या मांडणीवरची सोय होती, हे त्या वारंवार सांगत आल्या आहेत. सोय मात्र टिकली. मोठ्या माहिती-केंद्रांतून ती मागे पडली असली, तरी आपल्यासारख्यांच्या कचेऱ्यांतील कपाटांत आजही तीच नांदते, आणि विकत येणाऱ्या पेट्यांत आजही ३२,७६८ हाच आकडा भरलेला असतो.

या आकड्याकडे पाहून आम्हांस असे वाटते की, कोणी काहीच ठरविले नाही म्हणजे निर्णय झाला नाही, ही समजूत चुकीची आहे. निर्णय होतोच, फक्त तो गुणाऐवजी योगायोगावर होतो, आणि त्याचे भोग ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही अशांच्या वाट्याला येतात. जमिनीचा उतार मनुष्याने केलेला नाही, म्हणून तळ्यांच्या साखळीत कोणी कोणाला दोष देत नाही. जेथे उतार मनुष्यानेच द्यावयाचा आहे, तेथे तो न देणाऱ्याची जबाबदारी कोठेतरी नोंदली गेली पाहिजे. आपल्यापैकी ज्यांच्या हाती आज कचेऱ्यांची व्यवस्था आहे, त्यांनी यंत्रांची विद्या शिकण्याची आवश्यकता नाही. पुढच्या वेळी देखभालीचा तंत्रज्ञ आला म्हणजे आपल्या जाळ्याचे मूळ कोणते, ते कोणी ठरविले, आणि ते पडले तर दुसरे कोणते, एवढे तीन प्रश्न त्याला विचारावेत. उत्तर लेखी घ्यावे आणि त्याची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावी.